टेंगळाचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. फ्लॉवरहॉर्न या माशाचं कूळ शोधणं अवघड, आणि नदी शोधणं तर अशक्यच, कारण त्याला नदीच नाही. १९९०च्या दशकात मलेशियातल्या मत्स्यपालकांनी टाक्यांत घडवलेला हा संकर. चिनी भाषेत त्याला ‘हुआ लुओ हान’ म्हणतात. लुओ हान म्हणजे बौद्धांचे अर्हत. म्हणजे म्हणीतला ऋषीही आलाच.

त्याचे पूर्वज मध्य अमेरिकेतले, सिक्लिड कुळातले दांडगे मासे. निकाराग्वाच्या सरोवरांतले रेड डेव्हिल आणि मिडास हे चुलतभाऊ, आणि मेक्सिकोपासून एल साल्वादोरपर्यंत पॅसिफिकच्या अंगाच्या नद्यांतला ट्रायमॅक, ही नावं बहुतेक सगळेच घेतात. १९८०च्या दशकात तैवानात निघालेल्या ब्लड पॅरटचंही रक्त त्यात आलं, आणि तो स्वतःच संकर. कुणाचं कुणाशी आणि कितव्या पिढीत जुळवलं, हे ज्यांना ठाऊक होतं त्यांनी धंद्याचं गुपित म्हणून पोटातच ठेवलं. दुकानदार वंशावळ घडाघडा म्हणून दाखवतो. ती ऐकून घ्यावी, पण तिच्यावर पैज लावू नये.

खरी गंमत त्याच्या कपाळावरच्या टेंगळाची आहे. निकाराग्वात मिडास नराच्या कपाळावर विणीच्या सुमारास गाठ फुगते. संप्रेरकांच्या प्रभावाने तिथल्या ऊतींत पाणी साठतं, आणि वीण आटोपली की ती ओसरते. टाकीतल्या माशांत मात्र ती रेंगाळते. मलेशियातल्या मंडळींनी नेमकं हेच हेरलं. ज्याचं टेंगूळ मोठं आणि न उतरणारं, त्याचीच पिलं पुढे वाढवायची; बाकीची बाद. चिनी चित्रांतल्या दीर्घायुष्याच्या देवाचं कपाळ असंच फुगीर असतं, त्यामुळे हंगामी गाठ बारमाही भाग्यचिन्ह झाली. कुशीवरच्या काळ्या डागांत लोक चिनी अक्षरं वाचू लागले, लॉटरीचे आकडेसुद्धा! त्याआधी शुभ मासा म्हणजे आशियाई अरोवाना. पण तो महाग, टाकीत सहसा न विणारा आणि आंतरराष्ट्रीय व्यापारबंधनांत अडकलेला. फ्लॉवरहॉर्नची जोडी जमली तर एका खेपेला शेकडो अंडी.

२०००च्या आसपास सिंगापूर-मलेशियात त्याचं वेडच लागलं. ते ओसरल्यावर नकोसे झालेले मासे लोकांनी जलाशयांत आणि कालव्यांत सोडून दिले. पुढे थायलंडच्या पैदासकारांनी नवे वाण काढले, आणि फेंगशुईचं बोट धरून हा मासा आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही आला.

भाग्याचं मला माहीत नाही, पण मासा हुशार आहे. काचेवरून बोट फिरवलं की टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मागे येतो. तोंडात खडी भरून घेतो, कोपऱ्यात नेऊन थुंकतो आणि दुसऱ्या दिवशी तो ढीग पुन्हा हलवतो. झाडं उपटतो, हीटरची वायर चावतो. फूटभर वाढणाऱ्या या माशाला एकट्याला तीनशे लिटरची टाकी, दमदार फिल्टर आणि दर आठवड्याला चौथाई तरी पाणी बदलणं लागतं. शेजारी दुसरा मासा ठेवलात तर तो मार खाणार हे धरून चाला. टेबलावरच्या दोन फुटी टाकीत ‘लकी फिश’ म्हणून तो विकणं मला शुद्ध लबाडी वाटते.

सिक्लिड आपल्याला परके नाहीत. गोव्याच्या खाजनांतलं, तव्यावर खरपूस होणारं कालुंदर याच कुळातलं. त्याला मात्र स्वतःचं पाणी आहे, आणि त्या पाण्यात टाकीतल्या पैलवानाला जागा नाही. तेव्हा फ्लॉवरहॉर्न झेपेनासा झाला तर दुकानदाराला परत द्या, एखाद्या छंदिष्टाला द्या, पण ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नका.