जमिनीला लावलेला कान

गिरणीतला जुना फिटर पेचकसाचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवी, मुठीला कान लावी आणि आतली गोळी फुटली की काय ते सांगे. हलणारी वस्तू आपली हालचाल शेजारच्या घन वस्तूला कळविते, एवढेच ह्यातले शास्त्र. हा कान माणसापासून तोडून कित्येक मैल दूर ठेवावा आणि मध्ये तारही नसावी, हा उद्योग फार मोठ्या प्रमाणावर झाला तो मात्र कारखान्यात नव्हे, युद्धात.

उत्तर व्हिएतनामची रसद लाओसच्या जंगलातून दक्षिणेत जाई. वर दाट झाडी आणि ट्रक चालायचे ते रात्री. विमानाला दिसणार काय? १९६६ साली काही नामांकित शास्त्रज्ञांनी अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा यांच्यापुढे एक योजना ठेवली. १९६८ च्या आरंभी ती सुरू झाली; ‘इग्लू व्हाइट’ ह्या नावाने ती ओळखली जाते.

विमानातून भाल्यासारखी नळकांडी टाकीत. ती जमिनीत रुतत. वर उरे ती फक्त एरियल, आणि तिलाही झुडपाचे सोंग दिलेले! आत एक चुंबक व तारेचे वेटोळे असे. त्यांतले एक पक्के बसविलेले, दुसरे स्प्रिंगवर तोललेले. जमीन हादरली की नळकांडे तिच्याबरोबर हले, पण स्प्रिंगवरचे वजन जडपणामुळे मागे राही. ह्या मागेपुढे होण्यातून वेटोळ्यात वीज उमटे. फॅरेडेने १८३१ साली दाखविलेला नियम तो हाच. हादरा पुरेसा मोठा असला की बिनतारी संदेश सुटे. वर घिरट्या घालणारे विमान तो झेलून थायलंडमधील नखोन फनोम येथील केंद्राकडे धाडी. ओळीने पुरलेली नळकांडी एकामागून एक बोलू लागली, म्हणजे मधले अंतर आणि लागलेला वेळ ह्यांवरून तेथील संगणक ट्रकांचा वेग व दिशा काढीत. मग बॉम्बफेक. बॅटरी संपली की नळकांडे मुके, नवे टाकायचे.

परंतु जमीन हादरली एवढेच नळकांड्याला कळे. कोणामुळे हादरली, हे ते पाहू शकत नव्हते. त्या वाटांवर फावडी घेऊन खड्डे बुजविणारी तरुण मुलेमुलीही होती. हवाई दलाने उद्ध्वस्त ट्रकांचे जे आकडे दिले, ते अमेरिकेच्याच हेरखात्याने बरेचसे कापून धरले. आणि मार्च १९७२ च्या अखेरीस उत्तरेचे सैन्य रणगाड्यांसह दक्षिणेत उतरलेच. १९७३ साली ती योजना गुंडाळली गेली.

आज तेच काम काड्यापेटीएवढी डबी करते. आत सिलिकॉनचा केसाहून बारीक अवयव डोलतो. कारखान्यात ती मोटारीवर बसविली की बेअरिंगची कुरकुर पुष्कळ आधी कळते. आम्ही तिचे वैरी नाही; फुटणाऱ्या यंत्राजवळ उभा असतो तो आमचाच माणूस. मात्र तिचा इशारा आधी कोणाच्या टेबलावर जातो आणि यंत्र थांबविण्याचा हुकूम कोणी द्यायचा, हे आम्ही वाटाघाटीत विचारतो. इशाऱ्याचा दिवा यंत्रावरच्या कामगारापुढेही लागावा, असे एक कलम आम्ही मागण्यांच्या खलित्यात घालीत आलो आहोत. मालकपक्ष बहुधा पगाराचे कलम आधी घेऊ म्हणतो.