चामडीखालचा गुडघा

गेल्या हिवाळ्यात अम्मी जिन्यात पडली. हाड वाचलं, पण गुडघा आखडला. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घरी फिजिओथेरपीच्या ताई यायला लागल्या. त्यांच्याकडे दोन पट्ट्यांचा प्लास्टिकचा कोनमापक होता. एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी घोट्याच्या दिशेने, मधला खिळा गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला. सोमवारी गुडघा 112 अंश वाकला, गुरुवारी 106. मी मास्तर माणूस, वहीत सगळं लिहून ठेवणारा. सहा अंश गेले कुठे, असं जरा चढ्या आवाजातच विचारलं. अम्मीला खुर्चीवर नाही, मुसल्ल्यावर बसून नमाज पढायची होती, आणि माझ्या लेखी सगळं त्या आकड्यावर होतं.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी अम्मीच्या गुडघ्यावर, हाडाच्या उंचवट्यावर पेनाने ठिपका काढला आणि पाय वाकवला. ठिपका उंचवट्यावरून चांगला बाजूला गेला. अम्मी म्हणाली, "चमडी है, सरकेगी ही."

आपण चामडीवर खूण करतो आणि हाडाबद्दल बोलतो. या गोष्टीचा मागोवा घेत मी बराच मागे गेलो. 1891 साली लाइपझिगमध्ये विल्हेल्म ब्राउने आणि ओटो फिशर यांनी एका सैनिकाच्या अंगावर विजेने उजळणाऱ्या काचेच्या नळ्या बांधल्या, त्याला अंधारात चालवलं आणि चार कॅमेऱ्यांनी टिपलं. नळ्या बांधण्यातच कित्येक तास जात. 1892 मध्ये ब्राउने वारले; फिशर पुढे वर्षानुवर्षं आकडेमोड करत राहिले. एवढी मेहनत, पण नळ्या होत्या अंगावर, हाडावर नव्हे.

मग हाडापर्यंत गेलं कोण? दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेल्यांना चांगले कृत्रिम पाय हवे होते. त्यासाठी चालताना मांडीचं आणि नडगीचं हाड स्वतःभोवती किती फिरतं, हे कळणं गरजेचं होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात लेव्हन्स, इनमन आणि ब्लॉसर यांनी धडधाकट तरुणांच्या हाडांत पोलादी खिळे बसवून त्यांना चालवलं. 1948 मध्ये निष्कर्ष छापले. (आपल्या हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेची स्थापना 1955 ची. दर्ग्याला जाताना शेकडो वेळा तिच्यावरून गेलो, आत काय चालतं हे कधी विचारलं नव्हतं.)

चामडी किती फसवते, हेही खिळ्यांनीच दाखवलं. 1997 मध्ये राइनश्मिट आणि सहकाऱ्यांनी धावणाऱ्यांच्या हाडांत खिळे आणि चामडीवर मार्कर, दोन्ही लावले. गुडघ्याच्या वाकण्यात चूक एकूण हालचालीच्या सरासरी 21 टक्के निघाली. फिरण्यात 63 टक्के, बाजूला कलण्यात 70. म्हणजे कोनमापकाचं काम, वाकणं मोजण्याचं, त्यातल्या त्यात बरं.

प्रत्येकाला खिळे ठोकता येत नाहीत, म्हणून गणित आलं. एका मांडीवर बरेच मार्कर लावायचे आणि सगळ्यांना शक्य तितकं जुळेल असं एकच न वाकणारं हाड मानायचं. 1980 च्या सुमारास हा हिशेब पक्का झाला. वर्गात दहा मुलं वेगवेगळी चुकली तर सरासरी उत्तराच्या जवळ जाते, तसंच हे. पण दहाही जणांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल तर? मांडीचं मांस तेच करतं. पाय टेकला की सगळं एकदम, एकाच दिशेला हलतं, आणि सरासरी तीच चूक ठामपणे सांगते. 1999 मध्ये लू आणि ओ'कॉनर यांनी दुसरी वाट काढली: हाडं सांध्यातून निसटत नाहीत, ही अट आधीच घालायची आणि पूर्ण पाय एकदम सोडवायचा. चांगली युक्ती, पण सांधा कसा चालतो हे त्यात आपणच ठरवून टाकतो, आणि दुखऱ्या गुडघ्यात नेमकं तेच तर शोधायचं असतं.

हे वाचल्यावर मी ताईंची माफी मागितली. त्या हसल्या, कोनमापक पिशवीत टाकला आणि टेप काढली. आता त्या टाच आणि कुल्हा यांच्यामधलं अंतर मोजतात. पहिल्या दिवशी 21 सेंटिमीटर होतं, परवा 14. तेवढ्या जागेत अम्मीने घडी घातलेली गोधडी ठेवली आणि मगरिबला मुसल्ल्यावर बसली.