सालदार, हंगामी आणि फुटबॉलची लीग

वऱ्हाडात ‘हंगाम’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मृगाचा पाऊस पडला की तो सुरू होतो, आणि उलंगवाडी होऊन पऱ्हाटीत गुरे सोडली की संपतो. हंगाम किती दिवस हाती लागला, यावर घरचे वर्ष ठरते. फुटबॉलच्या लीगलाही हीच कसोटी लावली पाहिजे, असे माझे मत आहे. भारतातल्या राष्ट्रीय लीगचा इतिहास सांगायचा म्हटले की विजेत्यांची यादी पुढे येते. कोण जिंकले ते तिच्यातून कळते. लीग कशी जगली आणि तिच्यावर कोण जगले हे कळायचे असेल, तर हंगामाची लांबी आणि खेळाडूच्या कराराची मुदत तपासावी लागते.

आधी लीग कशाला म्हणायचे ते ठरवू. आपल्याकडच्या जुन्या स्पर्धा बाद पद्धतीच्या. १८८८चा ड्युरँड, १८९१पासून मुंबईत रंगलेला रोव्हर्स चषक, १८९३ची आयएफए शील्ड, या सगळ्यांत हरला तो घरी गेला. लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, शक्यतो एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा परक्या. आज हरलो तरी आठवड्याने पुन्हा उभे राहायचे असते. म्हणजे खेळाडूला काम किती मिळणार हे हंगामाआधीच ठाऊक असते. काम ठाऊक असले की पगार ठरवता येतो, पगार ठरला की सराव वर्षभर चालतो. लीगला आणखी एक अंग असते, ते म्हणजे जिना. तळाचा संघ खालच्या वर्गात उतरतो आणि खालच्या वर्गातला पहिला वर चढतो. सामन्यांची खात्री आणि जिना, दोन्ही असतील तरच ती पूर्ण अर्थाने लीग. यातले एक काढून घेतले तर उरते ती लांबवलेली स्पर्धा.

कोलकात्यात १८९८पासून शहराची लीग होती आणि मुंबईत १९०२पासून हारवूड लीग. पण देशभराची लीग सुरू व्हायला १९९६चा डिसेंबर उजाडला. तिचा पहिला विजेता मोहन बागान नव्हता, गोव्याचा कुठला क्लबही नव्हता. तो होता पंजाबातल्या फगवाड्याचा जेसीटी, म्हणजे जगतजित कॉटन टेक्स्टाइल या कापड गिरणीचा संघ. कापूस पिकवणाऱ्या मुलुखात राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट लक्षात ठेवावीशी वाटते. त्या राष्ट्रीय लीगमध्ये बँका होत्या, सीमा सुरक्षा दल होते, बंगळुरूची टेलिफोन फॅक्टरी होती, मुंबईची एअर इंडिया होती. खेळाडू आधी त्या संस्थेचा नोकर आणि मग तिचा बचावपटू किंवा आघाडीवीर.

ही व्यवस्था आपल्या सालदारीसारखी होती. पाडव्याला किंवा अखाजीला सालदार ठरतो आणि वर्षभर त्या वाड्याचा होतो. पेरणी असो नसो, त्याचे धान्य आणि पैसे ठरलेले. सालदारी भरभराटीची नव्हती आणि तिच्यात मिंधेपण होते, हे विसरून चालणार नाही. नोकरीच्या फुटबॉलचेही तसेच होते. पगार कारकुनाचा, बढती कारकुनाची, आणि खेळाचा दर्जा सुधारला तरी मोबदला फारसा बदलायचा नाही. पण गुडघा निकामी झाला तर टेबल-खुर्ची शिल्लक राहायची. हे संरक्षण लहान नव्हते.

राष्ट्रीय लीगचे ११ हंगाम झाले. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी प्रत्येकी तीन जिंकले, गोव्याच्या डेम्पोने दोन आणि साळगावकरने एक. महाराष्ट्राच्या वाट्याला एकच आला, २००५-०६चा, महिंद्र युनायटेडचा. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून उभा राहिलेला हा क्लब कूपरेजच्या छोट्या मैदानावरून देशात पहिला आला. चारच वर्षांनी, २०१०मध्ये, कंपनीने तो बंद केला. पुढच्या वर्षी जेसीटी बंद झाला. पहिला विजेता आणि महाराष्ट्राचा एकमेव विजेता, दोघांची उलंगवाडी वर्षभराच्या अंतराने झाली. याला योगायोग म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

कारण मधल्या काळात नियम पालटले होते. आशियाई महासंघाचा आग्रह होता की क्लब हा क्लबच असावा. त्याचे स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व असावे, हिशेब असावा, तरुणांचे संघ आणि मैदान असावे, खेळाडूंशी लेखी करार असावेत. २००७-०८मध्ये राष्ट्रीय लीगच्या जागी १० संघांची आय-लीग आली ती याच वाटेवर. मागणी चुकीची नव्हती. जगात सगळीकडे फुटबॉल असाच चालतो. परवान्याच्या अटी पुऱ्या होत नाहीत म्हणून २०१३मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी लीगबाहेर गेले. सालदारी संपली. तिच्या जागी खेळाडूला काय मिळाले, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ९ डिसेंबर २०१०च्या करारात आहे. त्या दिवशी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने आपले व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना आयएमजी-रिलायन्सला दिले. त्यातून १२ ऑक्टोबर २०१४ रोजी इंडियन सुपर लीग जन्मली. आठ शहरांचे आठ संघ, त्यांत मुंबई सिटी आणि पुणे सिटी हे दोन महाराष्ट्राचे. सलामीचा सामना कोलकात्यात, अंतिम सामना २० डिसेंबरला नवी मुंबईत. भरपाईच्या वेळेत मोहम्मद रफीकच्या गोलने कोलकात्याने केरळला हरवले. स्टेडियम भरली, दूरचित्रवाणीवर झगमगाट झाला, आणि कधी फुटबॉल न पाहिलेल्या घरांतही त्या रात्री फुटबॉल पाहिला गेला. हे श्रेय तिचे आहे.

पण दिवस मोजा. १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर म्हणजे ७० दिवस. उपांत्य फेरीआधी प्रत्येक संघाला १४ सामने. सोयाबीनचे पीकसुद्धा यापेक्षा जास्त दिवस शेतात असते. डिसेंबरात हा खेळ मिटला की तेच भारतीय खेळाडू जानेवारीत आय-लीगच्या संघांकडे जायचे. २०१५ची आय-लीग १७ जानेवारी ते ३१ मे अशी चालली. एकाच वर्षात दोन मालक, दोन प्रशिक्षक, दोन शहरे. रोख रक्कम सालदारापेक्षा किती तरी मोठी, पण नाते हंगामी मजुराचे. एका गावचा कापूस वेचून झाला की दुसऱ्या गावी जायचे.

हा दुभंग २०१७मध्ये काहीसा सांधला. सुपर लीग १० संघांची झाली, सामने १८ झाले, हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा पसरला. पुढे संघ वाढत गेले तसे सामने वाढले. २०२०-२१मध्ये ११ संघ आणि २० सामने, २०२३-२४मध्ये २२, २०२४-२५मध्ये १३ संघ आणि २४ सामने. करोनाच्या दोन हंगामांत सगळे संघ गोव्यात कोंडून, मोकळ्या स्टेडियममध्ये खेळले, पण हंगाम आखडला नाही. या लीगच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आकडा कुठला असे मला विचारले, तर १४चे २४ झाले हाच. मुंबई सिटीने २०२०-२१मध्ये साखळीची ढाल आणि अंतिम करंडक दोन्ही घेतले, ते याच लांब हंगामांच्या काळात. १३ मार्च २०२१च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला निर्णायक गोल केला. त्यानंतर ११ एप्रिल २०२२ला मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरवले. आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात भारतीय क्लबाने मिळवलेला तो पहिला विजय. वर्षातले सात-आठ महिने एकत्र राहणारा संघच असे काही करू शकतो.

दुसरे अंग, जिना, मात्र कच्चेच राहिले. जिना काय करू शकतो याचे भारतातले सर्वांत लख्ख उदाहरण आयझॉलचे. मिझोरमचा हा क्लब २०१५-१६मध्ये आय-लीगमधून खाली उतरला. गोव्याच्या तीन क्लबांनी माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली आणि पुढच्याच हंगामात, २०१६-१७मध्ये, तो विजेता ठरला. त्याचा प्रशिक्षक खालिद जमील मुंबईच्या मैदानांवर घडलेला माणूस. महिंद्र, एअर इंडिया आणि मुंबई एफसी या तिन्हींकडून तो खेळला, म्हणजे नोकरीचा आणि कराराचा, दोन्ही काळांचा फुटबॉल त्याने अंगावर काढला. ऑगस्ट २०२५मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला. सुपर लीगमध्ये मात्र वर यायची वाट २०२३पर्यंत फक्त पैशाची होती. त्या वर्षी पंजाब आणि २०२४मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंग आय-लीग जिंकून वर आले. तळाचा संघ मात्र २०२४-२५पर्यंत एकदाही खाली उतरला नाही.

जिना नसला की क्लबाची पाळेमुळे गावात रुजत नाहीत, कारण जागा विकत मिळते आणि विकत मिळालेली जागा उचलून नेता येते. पुण्याचे पाहा. पुणे एफसी २०१२-१३मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. काही वर्षांत तो मिटला. सुपर लीगमधला पुणे सिटी २०१९मध्ये बंद झाला, त्याची जागा हैदराबादला गेली, हैदराबादने २०२१-२२चा करंडक जिंकला, आणि २०२५मध्ये तीच जागा दिल्लीला गेली. मुंबई एफसी २०१७मध्ये आय-लीगमधून उतरला आणि मिटला. विदर्भाचा तर एकही क्लब या ३० वर्षांत सर्वोच्च लीगमध्ये पोहोचलेला नाही.

आता अकोला-अमरावतीकडे वळू. अंगमेहनतीची किंवा खेळाची परंपरा इथे तोकडी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. म्हणजे इथली मुले फुटबॉलमध्ये मागे राहतात याचे कारण रक्तात किंवा आहारात शोधू नये. ते मातीत आणि वेळापत्रकात आहे.

शाळकरी मुलांची सर्वांत मोठी फुटबॉल स्पर्धा म्हणजे १९६० साली सुरू झालेला सुब्रतो चषक. त्याच्या जिल्हा फेऱ्या साधारण जुलै-ऑगस्टात होतात, कारण पुढच्या फेऱ्या गाठायच्या असतात. मुरमाड किंवा वालुकामय जमिनीवर यात अडचण नाही. पण आपली जमीन काळी. पावसात मैदानावर दहा पावले धावले की बुटाला चिखलाचे ढेकूळ चिकटते. ते बोटांनी किंवा काडीने खरवडून काढायचे आणि पुन्हा धावायचे. लाथ मारलेला चेंडू घरंगळत नाही, जिथे पडला तिथे रुतून बसतो. फक्कीच्या रेषा पहिल्या अर्ध्या तासात दिसेनाशा होतात. अशा मैदानावर जमिनीलगतचा पास शिकताच येत नाही. उंच लाथाडणे आणि मागे पळणे एवढेच शिकता येते. उन्हाळ्यात उलट. त्याच जमिनीला मूठ जाईल अशा भेगा पडतात आणि ४५ अंशांपुढच्या उन्हात दुपारी कुणी मैदानात उतरू शकत नाही. वऱ्हाडातला फुटबॉलचा नैसर्गिक हंगाम दिवाळी ते होळी हा आहे. जमीन तेव्हा घट्ट असते, हवा कोरडी असते, संध्याकाळ मोकळी असते. नेमक्या याच चार महिन्यांत सलग लीग हवी.

आणि पद्धत बाद फेरीची. एखाद्या तालुक्याच्या शाळेचा संघ पहिल्याच सामन्यात चिखलात ०-१ हरला, तर त्या ११ मुलांचा वर्षाचा हंगाम तासाभरात संपतो. युरोपातल्या किंवा जपानमधल्या त्याच वयाच्या मुलाला वर्षात २०-३० सामने मिळतात. कौशल्यातला फरक इथे पडतो. तो सोळाव्या वर्षी निवड चाचणी घेऊन भरून निघत नाही.

घरच्यांचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत. त्यामुळे वऱ्हाडातला बाप मुलाला मैदानावर पाठवतो तो प्रमाणपत्रासाठी, पोलीस भरतीसाठी. त्याला हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. सालदारीच्या संरक्षणाची किंमत ज्याने पाहिली आहे, तो ७० दिवसांच्या करारावर मुलगा सोपवणार नाही. हा संशय खरा ठरवणारी घटना नुकतीच घडली. १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ला संपणार होता, नवा होत नव्हता, म्हणून २०२५-२६चा हंगाम आधीच, जुलैमध्ये, अडला. ऑगस्टमध्ये बंगळुरूसारख्या नावाजलेल्या क्लबाने पहिल्या संघाचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. दिवाळी गेली तरी लीगची शिट्टी वाजली नाही. अखेर जाहीर झाले की १४ संघांची लीग १४ फेब्रुवारी २०२६पासून एकेरी पद्धतीने होईल, एकूण ९१ सामने. म्हणजे प्रत्येक संघाला १३. पहिल्या, ७० दिवसांच्या हंगामापेक्षाही एकाने कमी.

वरच्या मजल्याची डागडुजी अकोल्यात बसून होणार नाही. खालची पायरी मात्र इथल्याच लोकांना बांधता येते, आणि तिला ७०० कोटी लागत नाहीत. अकोल्याहून अमरावतीलगतचे बडनेरा रेल्वेने दीड तासाच्या आत येते. अकोल्याच्या चार आणि अमरावतीच्या चार शाळा किंवा क्लब घ्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू करा, घरी एक आणि परगावी एक असे खेळा. आठ संघांत प्रत्येकाला १४ सामने होतात आणि होळीच्या आत संपतात. दोन्ही जिल्ह्यांच्या फुटबॉल संघटनांनी आणि क्रीडा कार्यालयांनी येत्या दिवाळीआधी एकत्र बसून एवढे वेळापत्रक छापावे.