गिअरबॉक्समधला देवमासा

सेकंडहँड ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्समधून काळपट, जळक्या वासाचं तेल ट्रेत उतरलं. "कुणी कधी बदललंच नाही," मेकॅनिक म्हणाला. नवं तेल लालभडक. इंजिन ऑइलशी गल्लत नको म्हणून रंगवलेलं. मला मात्र त्यात देवमासा दिसतो.

१९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक गिअरबॉक्स आला. पुढे अमेरिकेत या तेलात स्पर्म व्हेल देवमाशाचं तेल मिसळू लागले, क्लचप्लेटा झटका न देता धराव्यात म्हणून! क्लच दाबायचा कंटाळा आपला, शिकार त्याची. १९७० मध्ये तो अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेला, मग पर्यायांची धावपळ. सुरुवातीच्या एका पर्यायानं तर कूलरचे सोल्डरचे सांधेच खाल्ले.

जुनं तेल गटारात न ओतता कॅनमध्ये भरून ठेवलंय.