‘प्रथम’ ते ‘पाल’ : एका पानाच्या चाचणीची वाटचाल

२००० साली संयुक्त राष्ट्रांनी सहस्रक विकास उद्दिष्टे ठरवली. त्यांतील शिक्षणाचे उद्दिष्ट प्रत्येक मुलाने प्राथमिक शिक्षण पूर्ण करावे एवढेच होते. त्यामुळे निधी आणि संशोधन दोन्हींचा ओघ पटनोंदणी, वर्गखोल्या आणि शिक्षकसंख्येकडे राहिला. वर्गात बसलेल्या मुलाला वाचता येते का, हे तपासण्याची निकड फारशी कुणाला वाटली नाही. हा प्रश्न जगाच्या पटलावर आणण्यात मुंबईच्या ‘प्रथम’ संस्थेचा वाटा मोठा आहे.

१९९५ मध्ये डॉ. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ची स्थापना केली. चव्हाण रसायनशास्त्राचे अध्यापक, तर लांबे समाजकार्याच्या. युनिसेफ आणि मुंबई महापालिकेची साथ होती. जागा मात्र नव्हती. म्हणून बालवाड्या देवळात, कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या घरात भरल्या आणि वस्तीतल्याच तरुणी त्या चालवू लागल्या. याच कामातून मागे पडलेल्या मुलांसाठी ‘बालसखी’ योजना आली. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी वडोदरा व मुंबईत तिची तुलनात्मक चाचणी घेतली. मुलांचे गुण वाढल्याचे दिसले आणि सर्वांत मागे असलेल्यांना अधिक लाभ झाला.

२००५ मध्ये ‘प्रथम’चे ‘असर’ सर्वेक्षण सुरू झाले. त्याचे साधन एका पानावर मावते : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. पाहणी शाळेत न करता घरी जाऊन करायची, हा निर्णय कळीचा ठरला. गैरहजर, शाळाबाह्य आणि खासगी शाळेतली मुलेही त्यामुळे मोजणीत आली. स्वयंसेवक गावकऱ्यांच्या मदतीने गावाचा नकाशा काढतात, त्याचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भागातली पाच घरे निवडतात. पहिल्याच वर्षी ७ ते १४ वयोगटातील सुमारे ३५ टक्के मुलांना साधा परिच्छेद वाचता आला नाही. गोष्ट न वाचता येणारी जवळपास ६० टक्के होती. चाचणी फारच सोपी आहे, असा आक्षेप पुढे घेतला गेला. एवढी सोपी असूनही निकाल असा लागावा, हीच खरी चिंतेची बाब होती.

आकडे कळले की गावच हालचाल करील, हा संस्थेचा विश्वास मात्र उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात झालेल्या अभ्यासात टिकला नाही. गावसभा झाल्या, माहिती दिली गेली, तरी सरकारी शाळांतील पालकांचा सहभाग वाढला नाही. जिथे गावातल्याच तरुणांनी वाचनवर्ग घेतले, तिथे त्या वर्गांना जाणारी मुले वाचनात पुढे गेली. प्रतिकूल निष्कर्षही प्रसिद्ध होऊ देण्याचे धैर्य संस्थेने दाखवले. इयत्तेऐवजी मुलाच्या पातळीनुसार गट करून शिकवण्याची तिची पद्धत पुढे आफ्रिकेतही पोहोचली.

मोजणीची रीतही देशाबाहेर गेली. पाकिस्तानने ती ‘असर’ याच नावाने स्वीकारली. केनिया, टांझानिया, युगांडात ‘उवेझो’ उभे राहिले. पाठोपाठ माली, सेनेगल, मेक्सिको आले. या देशांतल्या गटांचे ‘पाल’ नेटवर्क बनले आणि त्याचे सचिवालय नैरोबीत आहे. २०१९ मध्ये १३ देशांत एकाच साधनाने मुलांची अंकगणिताची पातळी पाहिली गेली. शिक्षणविकासात काय मोजायचे, हे एरवी देणगीदारांच्या राजधान्यांत ठरे. इथे ते विकसनशील देशांतल्या गावांतून सुचवले गेले. २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांनी तर दुसरी-तिसरीतले वाचन आणि गणित हा निर्देशकच केला.

कोविडकाळात दारोदार जाणे थांबले, तेव्हा दूरध्वनीवरून पाहणी झाली. २०२१ मध्ये ‘प्रथम’च्या रुक्मिणी बॅनर्जी यांना शिक्षणक्षेत्रातला यिदान पुरस्कार मिळाला. २०२२ च्या पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी सरकारी शाळांतील तिसरीची मुले १६.३ टक्क्यांवर घसरली होती. २०२४ मध्ये ती २३.४ टक्क्यांवर आली. त्या वर्षी ६०५ ग्रामीण जिल्ह्यांत साडेसहा लाखांच्या आसपास मुलांची पाहणी झाली. ती करणारे बहुतेक स्थानिक महाविद्यालये आणि संस्थांमधले तरुण होते.