जाळ्यातील घट : रत्नागिरी किनाऱ्यावरील एका अलिखित गणिताचा इतिहास

रत्नागिरी जिल्ह्यातील मासेमारीचा इतिहास आजवर बहुधा होड्या, बंदरे, मासळीचा व्यापार आणि मच्छीमार जाती यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडीविषयीचा दहावा खंड १८८० साली प्रसिद्ध झाला. पुढील लेखकांनी मुख्यतः त्याचीच चौकट स्वीकारली. या चौकटीत जाळे हे एक साधन आहे; त्याला नाव आहे, लांबी आहे, किंमत आहे. परंतु सपाट नसलेले जाळे सपाट सुतापासून कसे घडते, म्हणजे रुंद मुखाचे जाळे शेपटाकडे निमुळते कसे होते, हा प्रश्न त्या चौकटीत उपस्थितच होत नाही. कारागिराच्या दृष्टीने मात्र जाळ्याचे सारे मर्म या निमुळतेपणातच आहे. आस विणणे हे हाताच्या सवयीचे काम होय. आस कमी करणे हे हिशेबाचे काम होय.

लोकरीच्या जाळीदार विणकामाशी तुलना केली असता हा भेद लवकर स्पष्ट होतो. त्या विणकामात धागा सुईवर नुसता फिरवून घेतला की एक छिद्र पडते आणि एक टाका वाढतो. हा वाढीव टाका दोन टाके एकत्र विणून कमी करावा लागतो. छिद्रे आणि जोडटाके समसमान असतील तोवर कापडाची रुंदी कायम राहते. रुंदी घटवावयाची असेल तर विणणारी स्त्री एखादे छिद्र गाळते आणि जोडटाका मात्र ठेवते. म्हणजे घट ही नक्षीच्या पोटातच दडलेली असते. केवळ तिचा तोल मोडावा लागतो. दहा टाक्यांची नक्षी असेल, तर कडेला अर्धवट नक्षी राहू नये म्हणून पुष्कळदा दहाही टाके ठराविक ओळींत घटवून एक संपूर्ण नक्षी नाहीशी केली जाते. मासेमारीच्या जाळ्यात असा तोल मुळातच नसतो. तेथे प्रत्येक आस स्वतंत्र गाठीने बांधलेला असतो आणि छिद्र हाच कापडाचा घटक असतो. वरच्या ओळीतील दोन आस एका गाठीत घेतले की पुढील ओळीत एक आस कमी होतो. नेहमीच्या गाठीत वरून दोन पदर येतात आणि खाली दोन जातात. घटीच्या गाठीत वरून चार येतात आणि खाली दोनच जातात. चार पदरांचा ताण दोघांवर पडतो, हे विणणाऱ्याने सतत ध्यानात ठेवावयाचे असते.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घट आणि वाढ यांचे निरनिराळे संप्रदाय एकमेकांशेजारी नांदत होते. खाडीच्या उथळ पाण्यात एकट्याने फेकावयाचे पाग जाळे शेंडीपासून विणावयास घेतात आणि खाली घेराकडे नेतात. तेथे प्रत्येक टप्प्यावर जादा आस घालून घेर वाढविला जातो. हीच घट उलट्या दिशेने वाचली म्हणावयाची. जिल्ह्याच्या दक्षिण भागात, आणि १ मे १९८१ रोजी त्यापासून निराळ्या झालेल्या सिंधुदुर्गात, रापण हे किनाऱ्यावरून ओढण्याचे मोठे जाळे प्रमुख होते. ते पुष्कळ तुकड्यांचे असते आणि हे तुकडे भागीदारांकडून येतात. कडेच्या तुकड्यांचे आस मोठे व मधल्यांचे लहान असतात. परंतु रापणीचा आकार विणण्यातून येत नाही, तो तुकड्यांच्या जोडणीतून आणि दोरीवर जाळे किती चुणून बांधले यातून येतो. तेथील गणित हे वाट्याचे गणित होते, म्हणून ते पुष्कळ अंशी उघड होते. भागीदारीच्या हिशेबाने त्याची आठवण टिकविली.

खरी कसोटी डोल जाळ्याची. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना अथवा नांगरांना बांधून ठेवलेली ही एक प्रचंड शंक्वाकृती पिशवी होय. प्रवाह मासळी आत नेतो आणि तिला खोल्यात, म्हणजे शेवटच्या बंद भागात, कोंडतो. बोंबील व जवळा ही तिची मुख्य मासळी. प्रवाहाचा जोर मुंबईकडे अधिक आणि दक्षिणेकडे उतरता असल्यामुळे डोल हे मुख्यतः उत्तरेचे जाळे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात ते उत्तरेकडील बंदरांशी निगडित राहिले. खाड्यांतून त्याचेच लहान भावंड असे बोकशी जाळे वापरले जाते. डोलीच्या मुखाशी हाताचा पंजा सहज जाईल असा आस असतो; खोल्याशी तो बोटाच्या पेराएवढा अथवा त्याहूनही लहान होतो. याचा अर्थ असा की, येथे घट दोन मार्गांनी एकाच वेळी चालते : आसाचे माप लहान होत जाते आणि आसांची संख्याही कमी होत जाते. माप घटविणे सोपे आहे, कारण ते मापाच्या पट्टीवर अवलंबून असते. पट्टी बदलली की आस बदलतो. संख्या घटविण्यास पट्टी उपयोगी पडत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, डोलीच्या एका भागाच्या आरंभी घेरात ६०० आस आहेत, अखेरीस ४०० हवे आहेत, आणि भागाची खोली १०० आसांची आहे. गाठींच्या दोन ओळी मिळून एक आस पुरा होतो. तेव्हा २०० ओळींत २०० आस घालवावयाचे आहेत. दर ओळीस एक आस एकाच जागी घालविला तर हिशेब जमतो, पण जाळे एका अंगास कलंडते आणि सारा ताण त्याच रेषेवर येतो. म्हणून घेराचे चार भाग कल्पून दर चौथ्या ओळीस प्रत्येक भागात एकेक आस घटवावयाचा. पन्नास वेळा असे केले की बरोबर २०० आस जातात आणि घटीच्या चार रेषा जाळ्यावर उभ्या उमटतात. या रेषांवर दोर बसविता येतो. विणणाऱ्यास मागे वळून मोजणीही करता येते. लोकरीच्या शालीत हीच रेष शोभेसाठी राखतात; जोडटाक्यात डावा टाका वर ठेवावयाचा की उजवा, यावर तिचा कल ठरतो. डोलीत शोभेला स्थान नाही. तरीही तयार डोल वाळत घातलेली असताना त्या रेषा सुंदर दिसतात, हे नाकारता येत नाही.

हे गणित कागदावर का उतरले नाही? कोळी, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी या समाजांत अक्षरज्ञान उशिरा पोहोचले, हे उत्तर अपुरे आहे. यासाठी दूरच्या एका योगायोगाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो येथे जेन गोगेन या बाईंनी १८४० साली विणकामाचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात टाके घटविण्या-वाढविण्यासाठी संक्षिप्त खुणा योजिल्या होत्या. घटीला प्रथमच लिपी लाभली असे म्हणता येणार नाही, परंतु ती लिपी बाजारात विकली जाऊ लागली हे निश्चित. तेथून अवघ्या काही मैलांवर मसलबरा या गावी जेम्स पॅटरसन यांनी सुमारे १८२० मध्ये मासेमारीची जाळी विणणारे यंत्र उभे केले होते. त्या यंत्रातून निघणारे जाळे एकसारख्या रुंदीचे होते; त्याला आस घटविता येत नव्हते. एकाच परिसरात, वीस वर्षांच्या अंतराने, शालीच्या घटीची अक्षरे झाली आणि जाळ्यातील घट कारखान्याबाहेर राहिली. मोजे व अंगातील कपडे विणणाऱ्या यंत्रांचा इतिहास याहून निराळा आहे : १८६४ मध्ये विल्यम कॉटन यांनी लफबरो येथे जे यंत्र सिद्ध केले ते टाके आपोआप घटवून कापडास अंगाचा आकार देत असे. जाळ्याच्या यंत्राने तो मार्ग धरला नाही. आकाराचे काम त्याने कात्रीवर सोपविले.

लिपीची गरज तेथे भासते जेथे विणणारा आणि नमुना देणारा एकमेकांस भेटत नाहीत. रत्नागिरीत ते एकाच अंगणात बसत. ताग वा कापसाचे सूत घरी वळले जाई, तयार जाळे ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून टिकाऊ केले जाई, आणि जुनी डोल समोर पसरून नवीन डोलीची मोजणी होई. जुने जाळे हाच नवीन जाळ्याचा ग्रंथ होता. तो कुजला की ग्रंथ गेला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉन व तत्सम धागे आले, आणि त्यांच्याबरोबर यंत्रावर विणलेले सपाट जाळेही आले. याच क्षेत्रातील गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी १९७६ मध्ये स्थापन झाली. नवा धागा गुळगुळीत असल्यामुळे साधी गाठ त्यावर सरकते; दुहेरी गाठ अथवा उष्णतेने गाठ पक्की करणे आवश्यक ठरले. हाताने विणणे महाग झाले आणि काढ्याची भट्टी अनावश्यक झाली. कोळंबीसाठी यांत्रिक नौकांवरून ओढले जाणारे ट्रॉल जाळे मिरकरवाड्यासारख्या बंदरांत रूढ झाले ते याच काळात. तेही निमुळतेच, पण त्याचा निमुळतेपणा कापून साधलेला. येथे कात्रीचे नियम पाहण्यासारखे आहेत. गाठीशेजारचे दोन्ही पदर कापले तर कात्री एक आस खाली जाते, आत सरकत नाही. एकच पदर कापला तर ती अर्धा आस खाली व अर्धा आस आत जाते. एक गाठ व दोन पदर या क्रमाने कापीत गेल्यास दोन आस खाली जाताना एक आस आत येतो. हाताने विणताना दर चौथ्या ओळीस कडेचा एक आस घटविल्याने जो उतार येतो, तोच हा उतार. म्हणजे घट नाहीशी झाली नाही. ती गाठीतून निघून कात्रीत गेली.

मात्र या स्थलांतराने ज्ञानाचा धनी बदलला. अंगणात घरचे सर्व जण, स्त्रियांसह, ज्या कामात सहभागी होते, ते आता जाळी बेतणाऱ्या मोजक्या कारागिरांकडे गेले. १९८१ मध्ये रत्नागिरीस मत्स्य महाविद्यालय स्थापन झाले. मत्स्यविज्ञानाच्या अभ्यासक्रमात हाताची घट आणि कात्रीचा उतार हे दोन्ही विषय पाठाच्या रूपाने येतात. घटीला अखेर लिपी मिळाली खरी, पण ती अंगणाची लिपी नव्हे.

याच १९८१ सालच्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाने शासनास मासेमारीची साधने नियंत्रित करण्याचा अधिकार दिला, आणि पुढे आसाच्या किमान मापाचा प्रश्न वादाचा झाला. शंकरपाळ्याच्या आकाराचा आस ओढ बसताच मिटतो आणि मासळीची पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस ताणातही उघडा राहतो. चौकोनी आसाचा खोला पुष्कळदा नेहमीचेच सपाट जाळे सर्व पदर तिरपे कापून आणि मग आडवे फिरवून केला जातो. तो निमुळत्या जाळ्याच्या शेपटाला जोडताना दोन्हीकडची संख्या जुळत नाही. तेव्हा एका चौकोनी आसास शंकरपाळी आकाराचे दोन वा अधिक आस बांधावे लागतात. हे काम यंत्र करीत नाही. जोडणी करणारा माणूस सुई घेऊन बसतो, दोन आस एका गाठीत घेतो आणि पुढे मोजत जातो.