सुहैली : कुलाब्याच्या सुतारांनी घडवलेली नौका आणि देखभालीचा इतिहास

१/
२२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या फाल्मथ बंदरात एक छोटी लाकडी शिडाची नौका शिरते. रंग उडालेला, शिडे ठिगळांनी भरलेली, अंगावर गंजाचे ओघळ. जकात अधिकारी नियमाप्रमाणे विचारतात, कोठून आलात? नाविक उत्तर देतो, फाल्मथहून. उत्तर अक्षरशः खरे होते. ३१२ दिवसांपूर्वी याच बंदरातून निघून, वाटेत कोठेही न थांबता आणि एकट्याने, तो पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतला होता. असे करणारा तो इतिहासातील पहिला माणूस. नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन.

२/
कप्तानाचे नाव जगाला पाठ आहे. नौकेचे नाव 'सुहैली', हेही पुष्कळांना ठाऊक असते. मात्र ही नौका मुंबईत, कुलाब्याच्या एका कार्यशाळेत, देशी सुतारांच्या हातांनी सागाच्या लाकडातून उभी राहिली, ही गोष्ट महाराष्ट्रातही फारशी सांगितली जात नाही. हा धागा त्या नौकेचा आहे. त्याहून अधिक तो एका दुर्लक्षित कामाचा, म्हणजे देखभालीचा, आहे.

३/
मुंबई आणि साग यांचे नाते जुने. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या येथे जहाजे बांधली. १८४२ चा नानकिंगचा तह ज्या 'कॉर्नवॉलिस' जहाजावर झाला, ते मुंबईतलेच. १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलेली 'त्रिंकोमाली' ही युद्धनौका आज २०० वर्षांनंतरही इंग्लंडच्या हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागाच्या अंगचे तेल त्याला वाळवी, कूज आणि पाणी यांपासून राखते. ओकची जहाजे मरत, तेव्हा सागाची टिकत.

४/
वाडियांचा काळ सरला, लाकडाची जागा पोलादाने घेतली, तरी हातांतले कसब लगेच सरत नाही. १९६० च्या दशकारंभी नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा तरुण अधिकारी होता. मुंबई ते इराणचे आखात या मार्गावर त्याच्या फेऱ्या होत. सहकाऱ्यांसह स्वतःची नौका बांधून तिने इंग्लंडला जायचे, असे त्याने ठरवले. कारण साधे होते. मुंबईत चांगला साग मिळत होता, आणि तो तासणारे हातही.

५/
आराखडे इंग्लंडहून टपालाने मागवले. आले ते दुसऱ्याच नौकेचे. बदलून मागवण्यात वेळ गेला असता, म्हणून आले त्यावरच काम सुरू झाले. हा आराखडा 'एरिक' या नावाने ओळखला जातो. विल्यम ॲटकिन या अमेरिकी आरेखकाने तो १९२० च्या दशकात केला होता आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने आखलेल्या जीवरक्षक नौकांत होते. नाळ आणि मागचे टोक दोन्ही निमुळती, लांब तळकणा, जड बांधा. वेगाला मंद, वादळाला चिवट. पुढे जे घडले त्यात या चुकून आलेल्या आराखड्याचा वाटा फार मोठा आहे.

६/
१९६३ मध्ये काम सुरू झाले. सुमारे ३२ फुटांची नौका, आणि यंत्रांचा वापर अगदी कमी. सुतारांच्या हाती वाकस, करवत, पटाशी आणि दोरीने फिरवायचा सामता. वाकस घेऊन ओंडक्यावर उभे राहायचे आणि दोन पायांमध्ये घाव घालत हव्या त्या बाकाचा तुकडा काढायचा, हे कसब कोकणच्या किनाऱ्यावर गलबते आणि मचवे बांधणाऱ्यांकडे परंपरेने चालत आले होते. आराखडा नॉर्वेच्या वंशाचा, कागद इंग्लंडचा, लाकूड आणि हात इथले.

७/
डिसेंबर १९६४ मध्ये नौका पाण्यात उतरली. युरोपच्या रिवाजाप्रमाणे मद्याची बाटली न फोडता नाळेवर नारळ फोडण्यात आला. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देणाऱ्या किनाऱ्यावर दुसरे काय शोभले असते? 'सुहैली' हे नाव मात्र आखातातून आले. तेथील अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. अरबीत सुहैल म्हणजे आपला अगस्त्य तारा. ज्या ऋषीने समुद्र प्राशन केला अशी कथा आहे, त्याच्याच ताऱ्याशी या नावाचे नाते आहे.

८/
डिसेंबर १९६५ मध्ये रॉबिन, त्याचा भाऊ ख्रिस आणि मित्र हाइन्झ फिंगरहट असे तिघे मुंबईहून निघाले. मस्कत, पूर्व आफ्रिका, दक्षिण आफ्रिका असा प्रवास झाला. पैसे संपले, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी करावी लागली. तेथून लंडनपर्यंतचा शेवटचा टप्पा नौकेने न थांबता ७४ दिवसांत पार केला. या टप्प्याने एक गोष्ट सिद्ध केली : ही नौका दीर्घकाळ समुद्रात राहू शकते.

९/
१९६८ मध्ये 'संडे टाइम्स'ने गोल्डन ग्लोब स्पर्धा जाहीर केली. नॉक्स-जॉन्स्टनला खरे तर सुहैली नको होती. त्याने ५३ फुटी पोलादी नौकेचा आराखडा करून घेतला होता. त्यासाठी सुहैली विकायला काढली, आश्रयदात्यांचे उंबरे झिजवले. पैसा उभा राहिला नाही. शेवटी हाताशी जे होते तेच घेऊन निघणे भाग पडले. नकोशी ठरलेली नौकाच इतिहासात गेली.

१०/
आता प्रश्न उरला तो सुधारणेचा. तिघांसाठी बांधलेली नौका एकट्याने चालवायची, तर झोपेच्या वेळी सुकाणू कोण धरणार? त्यासाठी वाऱ्याच्या पात्यांवर चालणारी स्वयंसुकाणू यंत्रणा बसवली गेली. सुहैलीला मागच्या बाजूसही डोलकाठी असल्याने नेहमीची रचना बसेना. म्हणून दोन्ही अंगांना पोलादी नळ्यांचे आधार बाहेर काढून त्यांवर पाती उभारली. या यंत्रणेला त्याने थट्टेने 'ॲडमिरल' म्हटले. १४ जून १९६८ रोजी सुहैली फाल्मथहून निघाली.

११/
अटलांटिकमध्येच पहिले संकट आले. नौकेत नेहमीपेक्षा अधिक पाणी येऊ लागले. पाण्यात उडी घेऊन पाहिले, तर तळकण्यालगतच्या फळीचा सांधा उघडत होता. लाकडी नौकेत दोन फळ्यांमधील फटीत कापूस ठासून वर लांबी भरतात. फळ्या पाण्याने फुगतात, कापूस दाबला जातो आणि सांधा घट्ट होतो. हे काम नेहमी नौका किनाऱ्यावर ओढून, कोरड्या जागी करतात. येथे ते भर समुद्रात, पाण्याखाली श्वास रोखून करायचे होते.

१२/
नुसता कापूस पाण्याखाली जागेवर राहीना. मग त्याने कापसाची वात कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवली, तिला डांबर लावले, तांब्याच्या चुका आधीच टोचून ठेवल्या आणि पुन्हा पुन्हा बुड्या मारून ती पट्टी सांध्यावर ठोकली. एकदा शार्क घुटमळू लागला, तेव्हा वर येऊन त्याला बंदुकीने मारावे लागले. शेवटी पट्टीवर तांब्याचा पत्रा बसवला. दुसऱ्या बाजूच्या सांध्याचेही असेच केले.

१३/
पुढे दक्षिण महासागर. सप्टेंबरमध्ये एका लाटेने नौका आडवी पाडली. केबिनचा सांगाडा जागचा हलला आणि फटींतून पाणी आत आले. साठ्याचे गोडे पाणी नासले, तेव्हा पावसाचे पाणी शिडांवरून गोळा करून दिवस काढले. विजेच्या जनित्रातील ठिणगीचे अंतर अचूक हवे होते, पण ते मोजायचे उपकरण नौकेवर नव्हते. त्याने वहीची पाने मोजली. २०० पानांची जाडी १ इंच भरली, म्हणजे एक पान इंचाच्या हजार भागांपैकी ५ भाग. हवी तितकी पाने फटीत धरून अंतर बसवले.

१४/
ऑस्ट्रेलियाजवळ 'ॲडमिरल' कायमचा मोडला. येथे चुकून आलेला आराखडा उपयोगी पडला. लांब तळकण्याची नौका एकदा मार्गावर बसली की सहजी वळत नाही. पुढची-मागची शिडे योग्य प्रमाणात लावली, की सुकाणूला हात न लावताही ती वाऱ्याशी कोन राखून चालते. रेडिओ बंद पडल्याने न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून अधिक काळ जगाला तिचा ठावठिकाणा नव्हता. एप्रिलमध्ये एका तेलवाहू जहाजाने तिला पाहिले.

१५/
स्पर्धेत ९ जण होते, पूर्ण करणारा एकच. कोणी वाटेतच माघार घेतली. टेटलीची प्लायवुडची तीन सांगाड्यांची वेगवान नौका अंतिम टप्प्यात फुटून बुडाली. मॉइतेसियेची पोलादी नौका भक्कम होती, पण त्यानेच स्पर्धा सोडून ताहितीची वाट धरली. क्रोहर्स्टची कहाणी खोट्या नोंदींत आणि मृत्यूत संपली. नॉक्स-जॉन्स्टनने आपले ५,००० पौंडांचे बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले. सुमारे ३०,००० सागरी मैल, सरासरी वेग ताशी ४ सागरी मैल. सुहैली सर्वांत वेगवान नव्हती. ती दुरुस्त करता येण्याजोगी होती.

१६/
या फरकाला महत्त्व आहे. सुहैलीचा प्रत्येक भाग हातोडी, सुई, खिळा आणि कापूस यांच्या भाषेत बोलत होता. जे हाताने घडले, ते हाताने पुन्हा जोडता आले. शिवाय जोडणारा माणूस बांधकामाच्या वेळी कुलाब्यात स्वतः हजर होता. कोणती फळी कोठे आणि कशी बसली आहे, हे त्याने पाहिलेले होते. पाण्याखालच्या त्या दुरुस्तीची पूर्वतयारी मुंबईत झाली होती.

१७/
नौका निवृत्त झाली नाही. १९८९ मध्ये तिने कोलंबसच्या मार्गाने, जुन्या ॲस्ट्रोलेबच्या साहाय्याने, अटलांटिक पार केला. १९९१ मध्ये ती गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टनसह ग्रीनलंडला गेली. पुढे ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात तिला मानाची जागा मिळाली. आणि ज्या नौकेला दक्षिण महासागर मारू शकला नाही, ती तेथे हळूहळू मरू लागली. कारण होते कोरडी हवा. फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडू लागले.

१८/
घाटावरच्या वाचकाला हे सहज समजेल. नीरेकाठच्या बावड्यापासून भीमेच्या खोऱ्यातील कोणत्याही गावापर्यंत, बैलगाड्यांच्या काळात उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसे आणि लोखंडी धाव सैल होई. शेतकरी चाक पाण्यात बुडवून ठेवी. लाकूड फुगे, धाव घट्ट बसे. गाडी सावलीत नुसती उभी करून ठेवणे म्हणजे तिला जपणे नव्हे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नव्हते. नौकेचे गणितही तेच आहे. पाणी हे तिचे संकट आहे आणि तेच तिचे औषध.

१९/
२००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने सुहैली संग्रहालयातून बाहेर काढली. पुढील काळात फळ्या सांगाड्याशी जखडणारे गंजलेले जुने खिळे-बोल्ट काढून नवे बसवण्याचे कंटाळवाणे काम मित्रांच्या साहाय्याने, पुष्कळसे स्वतःच्या हातांनी केले. तेव्हा त्याने साठी ओलांडली होती. २२ एप्रिल २०१९ रोजी, बरोबर ५० वर्षांनी, ८० वर्षांचा नॉक्स-जॉन्स्टन त्याच नौकेतून पुन्हा फाल्मथमध्ये आला. संग्रहालयाच्या काचेआड हे दृश्य शक्य नव्हते.

२०/
कहाणी पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येते. गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कार्यशाळेत सुहैलीची प्रतिकृती 'तुरीया' बांधली गेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब स्पर्धेत अभिलाष टॉमी ती घेऊन उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली, आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. आराखडा तोच, समुद्र तोच, परिणाम वेगळा. चांगली नौका शक्यता वाढवते, हमी देत नाही.

२१/
टॉमी पुन्हा गेले. पुढची गोल्डन ग्लोब २०२२ मध्ये सुरू झाली. या स्पर्धेचा नियमच असा, की नौकेचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा. म्हणजे जुन्या बांध्याच्या छोट्या नौका दुरुस्त करून, बळकट करूनच उतरायचे. वाटेत स्वयंसुकाणू मोडले, तेव्हा टॉमींनी नौकेतील शौचालयाचे दार कापून त्याचे पाते केले. एप्रिल २०२३ मध्ये त्यांनी दुसऱ्या क्रमांकाने स्पर्धा पूर्ण केली. मोजणीला वहीची पाने आणि पात्याला दार : ५४ वर्षांचे अंतर असूनही ही एकाच शाळेची विद्या आहे.

२२/
इतिहास बहुधा आरंभ लक्षात ठेवतो : जहाज केव्हा पाण्यात उतरले, कोणी जिंकले. मधल्या काळाची नोंद कमी होते. पण कोणतीही जुनी वस्तू आज आपल्यासमोर असते ती या मधल्या काळामुळे. कोणी तरी खिळा बदलला, सांधा भरला, शीड शिवले, म्हणून ती आहे. किल्ला असो, वाडा असो, बारव असो वा नौका, हेच खरे आहे.

२३/
पावसाळ्यात कोकणातील कोणत्याही मासेमारी बंदरावर जावे. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. कोणी तळ खरवडत असतो, कोणी फटी भरत असतो, कोणी रंग देत असतो. हे दृश्य पाहून क्वचितच कोणाला इतिहास आठवतो. कुलाब्याच्या ज्या सुतारांनी १९६३ साली सागाच्या ओंडक्यावर वाकस चालवला, तेही असेच रोजच्या कामावर आले होते. त्यांनी बसवलेल्या फळ्या पृथ्वीला वेढा घालून आल्या आणि अजून पाण्यावर आहेत.